मनगटाचा झटका

गेल्या शनिवारी वाकडला एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर पार्टी होती. फ्लॅट नवा, ईएमआय नवा आणि त्याहून नवा त्याचा व्हीआर हेडसेट. तो डबा डोक्यावर चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर घ्यायचे, की तुम्ही थेट बॉक्सिंग रिंगमध्ये! आमच्यातला एक जण (आयटीत टीम लीड, एरवी मीटिंगमध्ये कायम म्यूटवर) असा काही पेटला, की तिसऱ्या राउंडला त्याचा हुक प्रतिस्पर्ध्याच्या आरपार जाऊन भिंतीवरच्या लॅम्पला लागला. खळ्ळकन. काचा गोळा करताना सगळे पोट धरून हसत होते. "फ्यूचर आहे बॉस हे, फ्यूचर," असं यजमान सांगत होता. लॅम्पचे पैसे कोण देणार, यावर मात्र तो काही बोलला नाही.

फ्यूचर? मी हातातली कोल्ड कॉफी खाली ठेवली. हात हलवून गेम खेळणं ही माझ्यासाठी नववीतली गोष्ट आहे. डोंबिवलीतल्या वन बीएचकेमधली. आणि तेव्हा आमच्याकडे काही फुटलं नव्हतं, उलट... थांबा, नीट सुरुवातीपासून सांगते.

कंट्रोलरचा कंटाळा गेमिंगवाल्यांना फार आधीच आला होता. १९८९ मध्ये मॅटेलने (हो, तेच बार्बीवाले) निन्टेन्डोच्या गेमसाठी 'पॉवर ग्लव्ह' नावाचा हातमोजा काढला. दिसायला जाम सही, वापरायला तेवढाच वैताग. १९९८ मध्ये जपानमध्ये माइकवरून पिकाचूशी बोलायचा गेम आला. १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्टवर 'सीमॅन' आला, त्यात माणसाच्या तोंडाचा एक उद्धट मासा तुमच्याशी गप्पा मारायचा. खोटं वाटतंय ना? पण खरंच होता. २००३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ साठी 'आयटॉय' नावाचा कॅमेरा काढला. मंडळी आली, थोडी मिरवली आणि गेली.

मग २००६च्या नोव्हेंबरात अमेरिकेत निन्टेन्डोचा 'वी' आला आणि सगळा सीनच बदलला. टीव्हीच्या रिमोटसारखाच दिसणारा एक पांढरा रिमोट. तो रॅकेटसारखा फिरवला की स्क्रीनवरचा गोल डोक्याचा पुतळा रॅकेट फिरवणार. पंधरा बटणं पाठ करायची भानगड नाही. साहजिकच ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नव्हता तेही उठून उभे राहिले. १० कोटींहून जास्त वी विकले गेले. लोक इतके जोशात की रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळायला लागले. शेवटी त्याच डिसेंबरात निन्टेन्डोने सुमारे ३२ लाख मनगटी पट्टे बदलून देण्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी रिमोटला घालायला सिलिकॉनची जॅकेटं फुकट वाटली. थोडक्यात, वाकडचा लॅम्प ही परंपरेतलीच गोष्ट.

रिमोटच्या पोटात एक नखाएवढी चिप होती, अ‍ॅक्सेलरोमीटर. तिच्यात सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म तुकडा सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. रिमोटला धक्का बसला की तो सरकतो, आणि किती सरकला यावरून धक्का केवढा नि कुठल्या बाजूने ते कळतं. लोकलने ब्रेक मारला की उभ्या गर्दीचं जे होतं ना, तेच. टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणायचे, पण तिच्यात सेन्सर नव्हताच! नुसते इन्फ्रारेड दिवे. ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात. म्हणून पट्टी नसेल तर दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवूनही स्क्रीनवर नेम धरता यायचा. (आम्ही करून बघितलंय. आईने मेणबत्त्याही काढून घेतल्या आणि रिमोटही.)

पण या चिपमध्ये एक मोठी गोची होती. तिला धक्का कळायचा, तो कसा दिला ते कळायचं नाही. तुम्ही कोर्टवर उभे असल्यासारखा खांद्यापासून हात फिरवलात काय, आणि सोफ्यावर लोळत मनगटाला नुसता झटका दिलात काय, तिला फारसा फरक पडत नव्हता. पोरांनी ही चलाखी लगेच ओळखली. हार्डकोअर गेमर्स भडकले. हे कसलं मोशन कंट्रोल, हे तर चीटिंग! निन्टेन्डोनेही ते मनावर घेतलं आणि २००९ मध्ये 'मोशनप्लस' नावाचं शेपूट काढलं. त्यात जायरोस्कोप होता, त्यामुळे मनगट किती वळलं तेसुद्धा कळायला लागलं. सगळे खूश.

आमच्या घरी मात्र शेपूट नसलेला वी आला. नशीबच म्हणायचं.

२०१०च्या डिसेंबरात न्यू जर्सीची आत्या आली. तिच्या मुलाला नुकताच निघालेला किनेक्ट हवा होता, त्यामुळे त्याचा जुना वी बदाम, चॉकलेटं आणि माझ्या मापाला न होणाऱ्या जीन्सबरोबर आमच्याकडे रवाना झाला. मी आनंदाने प्लग लावायला गेले तर बाबा जवळजवळ ओरडलेच. अ‍ॅडॉप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेलं! आपल्याकडे २३०. लावला असता तर तिथेच 'राम' म्हणाला असता. बाबा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटायच्या नाहीत. पुढच्या रविवारी ते लॅमिंग्टन रोडला जाऊन एक विटेएवढा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. चालू केला की तो डासासारखा गुणगुणायचा. २१ इंची डबा टीव्ही, गुणगुणणारी वीट आणि टीपॉय दिवाणाखाली ढकलून केलेली जागा. झालं आमचं गेमिंग झोन!

फेब्रुवारीत बाबांना अटॅक आला. पॅरॅलिसिसचा. वय ४६. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं.

पाय लवकर सावरला. हाताने मात्र दाद दिली नाही. ड्राफ्ट्समन माणूस, ज्याची अक्षरं छापल्यासारखी, त्याचा चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत आला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते सहीचा सराव करायचे आणि मग ते पान स्वतःच फाडून टाकायचे. फिजिओवाल्या मॅडम दिवसाआड यायच्या. टेबलावर टॉवेल पुढे-मागे सरकवा, वीस वेळा. एका वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत टाका. बाबा सहा वेळा टॉवेल सरकवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. आई चिडायची, मग रडायची, मग ऑफिसला जायची. मी चौदा वर्षांची. मला काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी शाळेतून आले की वी लावायचे. खरं सांगते, त्यांच्यासाठी नाही. मला त्या घरातल्या शांततेचा कंटाळा यायचा.

एका दुपारी मी बॉलिंग खेळत होते. बाबा दिवाणावर. मला काय सुचलं कोण जाणे, मी रिमोट त्यांच्या उजव्या हातात दिला आणि पट्टा घट्ट केला. त्या खेळात रिमोटच्या पोटाखालचं बटण दाबून ठेवायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि योग्य क्षणी बटण सोडायचं. दाबणं त्यांना जमत होतं. सोडणं अवघड. (मॅडमनी नंतर सांगितलं, अशा हाताला मूठ मिटण्यापेक्षा उघडणं जास्त कठीण जातं.) पहिल्या दोन वेळा काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा बोट सुटलं, पण हात मागे असतानाच. त्या गेममध्ये असं झालं की बॉल उलटा मागे जातो आणि मागे उभी असलेली पुतळ्यांची गर्दी किंचाळून उड्या मारते.

ती उडाली. बाबा एक क्षण बघत राहिले आणि हसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, आवाज घोगरा, पण हसले. अटॅकनंतर पहिल्यांदा. आणि मग त्यांनी रिमोट परत दिलाच नाही.

आता त्या 'चीटिंग'कडे वळते. बाबांचा खांदा वर उचलत नव्हता. पूर्ण हात फिरवायला लावला असता तर त्यांनी पहिल्याच दिवशी रिमोट फेकला असता. पण चिपला नुसता झटका पुरत होता. मांडीवर हात ठेवून, मनगटाने, जेमतेम दोन इंचाचा. तेवढ्या झटक्यावर स्क्रीनवरचा त्यांचा पुतळा झोकात चार पावलं चालत जायचा, ऐटीत हात फिरवायचा आणि बॉल सोडायचा. पिना पडायच्या! ज्या ढिसाळपणाला गेमर्स शिव्या घालत होते, त्यावर बाबांचा खेळ चालला होता. मशीन जितकं अचूक, तितकं ते तुमच्याकडून धडधाकट शरीर मागतं, हे मला तेव्हा अर्थातच कळलं नव्हतं. मला एवढंच कळलं होतं, की बाबा मला हरवायला लागलेत आणि ते मला अजिबात आवडत नाहीये.

मॅडमनी एकदा येऊन बघितलं. बॉलिंगच्या एका गेममध्ये २१पर्यंत बॉल टाकता येतात. त्या म्हणाल्या, "टॉवेल वीस वेळा सरकवा म्हटलं तर नको, आणि हे रोज तीन गेम?" बाबांनी जड जिभेने उत्तर दिलं, "टॉवेलला... स्कोअर... नाही." हे त्यांचं त्या महिन्यातलं सर्वांत मोठं वाक्य होतं.

तिकडे न्यू जर्सीत आतेभाऊ रिमोटशिवाय खेळत होता. २०१०च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला, तो या सगळ्याच्या पुढचा. हातात काहीच धरायचं नाही. कॅमेरा खोलीभर न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी टाकायचा, त्यावरून कोण किती लांब ते मोजायचा आणि तुमच्या शरीराचे २० सांधे ओळखून सांगाडा उभा करायचा. जाहिरातीत म्हणायचे, 'यू आर द कंट्रोलर'. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले, गिनेस बुकात नोंद आहे. टेक्नॉलॉजी म्हणून सॉलिडच, वादच नाही. पण त्याला एका माणसासाठी साधारण सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट मोकळं अंतर लागायचं. डोंबिवलीच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये दिवाण, शोकेस, टीपॉय, फ्रिज आणि चपलांचा रॅक बसवून आठ फूट मोकळे दाखवा, मी वडापाव देते.

त्यात चार माइक होते, त्यामुळे बोलूनही हुकूम सोडता यायचे. सुरुवातीला मोजक्या देशांत आणि मोजक्या भाषांत. पुढे २०१३च्या एक्सबॉक्स वनबरोबर तर किनेक्ट घ्यावाच लागायचा. किंमत ४९९ डॉलर, समोर सोनीचा प्लेस्टेशन ४ ३९९ला. कायम कान टवकारून बसलेला माइक घरात हवाच कशाला, यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. २०१४च्या जूनमध्ये टीव्हीवर एक जाहिरात आली, तिच्यात अ‍ॅरॉन पॉल 'एक्सबॉक्स ऑन' म्हणतो. झालं! ती बघणाऱ्यांच्या घरातले एक्सबॉक्स आपोआप चालू व्हायला लागले. त्याच महिन्यात किनेक्टशिवायचा स्वस्त एक्सबॉक्स बाजारात आला आणि २०१७मध्ये किनेक्ट बनणंच बंद झालं. ठिपक्यांची आयडिया मात्र मेली नाही. ती ज्या इस्रायली कंपनीची होती, त्या प्राइमसेन्सला अ‍ॅपलने २०१३मध्ये विकत घेतलं आणि २०१७च्या आयफोन टेनपासून तसेच इन्फ्रारेड ठिपके चेहऱ्यावर पडायला लागले. तुम्ही सकाळी डोळे चोळत आयफोन अनलॉक करता ना, तेव्हा खिशातला किनेक्टच तुमच्याकडे बघत असतो.

आवाजाचं काय झालं ते घरोघरी दिसतंच आहे. मीही पहिल्या मोठ्या चेकमधून बाबांसाठी एक स्मार्ट स्पीकर घेतला. कुठल्या कंपनीचा ते राहू दे. मला वाटलं, हाताला त्रास नको, नुसतं बोलायचं आणि गाणी ऐकायची. बाबांचं बोलणं आता खूप सुधारलंय. आम्हाला सगळं समजतं, भाजीवाल्यालाही समजतं. फक्त शब्द थोडे ओढून येतात आणि मध्ये एखादा पॉज. तेवढ्या पॉजमध्ये स्पीकर समजायचा, की यांचं बोलून झालं. चार दिवस त्यांनी प्रयत्न केला. पाचव्या दिवशी मी फोन केला तर आई म्हणाली, "त्याच्यावर रुमाल टाकून ठेवलाय यांनी."

मनगटाचा अर्धवट झटका चालत होता, अर्धवट वाक्य चालत नाही. मला ते जाम लागलं. नंतर वाचलं, की २०२२मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने अशा अडखळत्या, ओढून येणाऱ्या आवाजांचे नमुने गोळा करायला घेतलेत, आणि अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गुगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट असे एरवी एकमेकांचे पाय ओढणारे त्यात एकत्र आलेत. गेमिंगमध्येही २०१८ला मायक्रोसॉफ्टने मोठाल्या बटणांचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याला पायाने दाबायचं, हनुवटीने ढकलायचं, ज्याला जे जमेल ते बटण जोडता येतं. सोनीचा तसलाच २०२३मध्ये आला. म्हणजे कुणीतरी विचार करतंय. मराठीतल्या ओढून येणाऱ्या शब्दांचा नंबर लागेल तेव्हा लागेल.

वीने बाबा बरे झाले, असं मी आजवर शंभर लोकांना सांगितलं असेल. कॉलेजात तर हा माझा हुकमी किस्सा होता. मग एका लेखासाठी मी 'वी आणि स्ट्रोक' यावरचा अभ्यास शोधला. टोरँटोच्या डॉक्टर गुस्तावो सापोस्निक यांच्या टीमने २०१०मध्ये २२ पेशंटांवर छोटा प्रयोग केला होता, त्यात वी खेळणारे पुढे होते. मी खूश. मग २०१६चा मोठा अभ्यास उघडला. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड, एकूण १४१ पेशंट. अर्ध्यांना वी, अर्ध्यांना पत्ते, जेंगा, बिंगो, बॉलचे खेळ. दोन आठवडे, एकेक तासाची दहा सेशन्स. दोन्ही गटांचे हात सुधारले. आणि दोघांत फरक? काही नाही. पत्ते खेळणारेही तेवढेच सुधारले.

माझ्या हुकमी किश्शाची हवाच गेली. एक आख्खा आठवडा मी बाबांना सांगितलं नाही. मग रविवारी जेवताना सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, नुसती रमी खेळला असतात तरी चाललं असतं. उगाच लॅमिंग्टन रोडचा ट्रान्सफॉर्मर."

बाबांनी घास संपवला. त्यांना वेळ लागतो, आम्ही थांबतो. मग म्हणाले, "तू... रमी खेळायला... बसली असतीस?"

नववीतली मी. अर्ध्या अंगाचा बाप. रोज दुपारी तीन वाजता. रमी.

मी आमटी वाढून घेतली.

असो. वाकडच्या पार्टीवरून आले आणि दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीला जाऊन माळ्यावरून खोका काढला. कन्सोल ठीक आहे. ट्रान्सफॉर्मर अजून गुणगुणतो. पण रिमोटमध्ये सेल तसेच राहिले होते, ते फुटून आत सगळा पांढरा चुरा झालाय. मला माहितीये, निन्टेन्डोच्या स्विचवर २०२२ पासून नवं बॉलिंग मिळतं, ग्राफिक्सही भारी आहेत. बाबांना ते नकोय. त्यांना मागे उड्या मारणारी तीच गर्दी हवी आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर वीचा जुना पांढरा रिमोट धूळ खात पडला असेल, तर ऑफिसच्या पत्त्यावर नक्की कळवा. शेपूट नसलेला. तोपर्यंत दर रविवारी रमी चालू आहे, आणि मी चाळीस रुपये हरलेय.